मुदतवाढीची तीन पत्रं

मुलुंडच्या त्या घराचा करारनामा मी स्वतः टाइप केला होता. सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक म्हणून बारा वर्षं काढली होती, त्यामुळे मजकूर वकिलाचा आणि टायपिंग माझं असं ठरलं. साहेबांची परवानगी घेऊन दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसले. स्टॅम्पपेपरवर खाडाखोड चालत नाही, म्हणून एकेक अक्षर जपून मारलं. खरेदीदाराने नव्वद दिवसांच्या आत कर्जमंजुरीचे पत्र आणावे, विक्रेत्याने त्याच मुदतीत सोसायटीचा ना हरकत दाखला मिळवावा, तसे न झाल्यास करार रद्द समजावा. शेवटी वकिलाने एक ओळ घातली होती : उभयतांच्या लेखी संमतीने ही मुदत वाढवता येईल. ती ओळ टाइप करताना मला वाटलं, हिची गरज कुणाला पडणार आहे? नव्वद दिवस म्हणजे केवढे तरी झाले.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. लग्न जमलं नव्हतं. ते जमवायचे प्रयत्न घरात नेमके कधी थांबले हे मला सांगता येणार नाही. अशा गोष्टी कुणी जाहीर करत नाही. एखाद्या वर्षी लक्षात येतं, की गेल्या वर्षीही कुणी आलं नव्हतं.

घाटकोपरला डोंगराच्या कडेला आमच्या दोन खोल्या होत्या. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर दादाच्या आणि माझ्या पगारावर घर चाललं. दादा भांडुपच्या एका कंपनीत स्टोअरकीपर, कायम नोकरीत. आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी, अशी सहा माणसं. मी स्वयंपाकघरात मोरीकडे पाय करून झोपायचे. पहाटे पाणी यायचं तेव्हा सगळ्यात आधी माझं अंथरूण गुंडाळावं लागायचं, कारण पिंप तिथेच होतं. वर्षानुवर्षं मी पाण्याच्या आवाजाने नाही, वहिनीच्या "वन्सं, उठता ना?" या वाक्याने उठत आले. त्यात तिचा काही दोष नव्हता. पण मला एकदा तरी माझ्या मर्जीनं उठायचं होतं. स्वतःचं दार, त्याला आतून कडी, एवढीच माझी घराची कल्पना होती.

मुलुंडचं घर ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलं. पूर्वेला, पहिल्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे अरुंद गॅलरी. मालक टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका, आणि काकू. मूलबाळ नाही. त्यांना हे विकून रत्नागिरीकडच्या गावी जायचं होतं. तिथे वाटणीत जमीन आलेली होती आणि त्यांना पावसाच्या आत घर बांधून छप्पर घालायचं होतं. काकूंना दम्याचा त्रास होता. मागच्या बाजूला कसलासा छोटा कारखाना होता, त्याचा धूर संध्याकाळी गॅलरीत यायचा. घर दाखवताना काकूंनी तेही दाखवलं. म्हणाल्या, "हे आत्ताच बघून घे. नंतर म्हणशील, सांगितलं नाही."

मला त्या तिथेच आवडल्या.

कर्ज आमच्या ऑफिसचं होतं. त्याला दोन जामीन लागत, दोघंही कायम नोकरीतले. एक ऑफिसातला, दुसरा बाहेरचा. ऑफिसातली मैत्रीण लगेच तयार झाली. बाहेरचा म्हणून दादा. त्याने फॉर्मवर सही करायची आणि कंपनीतून पगाराचा दाखला आणायचा, इतकंच. मी घरी सांगितलं तेव्हा तो पाटावरून उठलाच. "झकास! घे गं, डोळे मिटून घे. जामिनाची काळजी करू नको, मी आहे ना." चाळीत चार घरी त्यानेच सांगून टाकलं, आमची बहीण फ्लॅट घेतेय. आई गप्प होती. मला वाटलं, बावरली असेल.

फॉर्म मी दादाच्या हातात दिला. दिवाळी होऊन गेली होती.

काकांनी सोसायटीचा दाखला तीन आठवड्यांत मिळवला. सेक्रेटरी टाळाटाळ करत होता, तर काका रोज सकाळी त्याच्या घरी जाऊन वर्तमानपत्र वाचत बसायचे. शेवटी सेक्रेटरीच्या बायकोने सही करायला लावली. त्यांनी तो दाखला मला अभिमानाने दाखवला. "आमच्या बाजूचं काम झालं. आता तुमचं."

दादाला मी दर आठवड्याला विचारत होते. कधी हिशेबनीस रजेवर, कधी साहेब बाहेरगावी, कधी दाखला टाइप व्हायचाय. मी म्हटलं, "मजकूर दे, मीच टाइप करून देते." तर हसला, "कंपनीच्या लेटरहेडवर तू कशी टाइप करणार, येडी!"

फेब्रुवारीत नव्वद दिवस संपत आले. मी मुलुंडला गेले. काकांनी जास्त विचारलं नाही. टेबलाच्या खणातून कागद काढले, मध्ये कार्बन घातला, आणि आपल्या ठसठशीत अक्षरात पत्र लिहायला बसले. अर्ध्यावर थांबून विचारलं, "कारण काय लिहू?"

"कागदपत्रांची पूर्तता," मी म्हटलं.

पंचेचाळीस दिवस वाढले. दोघांनी सह्या केल्या. एक प्रत त्यांना, एक मला. काकूंनी पोहे केले होते.

मार्चमध्ये दादा म्हणाला, "आता वर्षअखेर आहे, हिशेबखात्यात कुणाला बोलायला फुरसत नाही. एप्रिल लागू दे." हे मला पटलं. आमच्या ऑफिसातही मार्चमध्ये तेच असायचं. मी दुसऱ्यांदा मुलुंडला गेले. या वेळी पोहे नव्हते, चहा होता. काकांनी आधीचं पत्र समोर ठेवून त्यावरूनच दुसरं लिहिलं. कारण विचारलं नाही, तेच उतरवलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"गवंडी थांबायला तयार नाही," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये जोतं नाही घातलं, तर तो दुसऱ्या कामाला जाईल."

"काकू, या वेळी नक्की."

"तू म्हणतेस म्हणून."

बाहेरचा दुसरा जामीन मी का शोधला नाही, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. घरात कायम नोकरीतला भाऊ असताना बाहेर जामीन मागायला गेलं की लोक भावाबद्दल शंका घेत नाहीत, आपल्याबद्दल घेतात. आणि दुसरं, दादा नाही म्हणालाच नव्हता. तो नाही म्हणाला असता तर मी दुसऱ्या दिवशी चार दारं ठोठावली असती. तो दर वेळी हो म्हणत होता.

एप्रिलमध्ये आमच्याकडे फ्रीज आला. दादाने हप्त्यावर घेतला. चाळीत आमच्या मजल्यावरचा पहिला. मी त्याला हळदकुंकू लावलं, मुलांसाठी सरबत करून ठेवलं. उन्हाळा कडक होता. ऑफिसातून आल्यावर गार पाण्याचा पेला हातात घेऊन मी दादाला विचारायचे, "दाखल्याचं काय?" आणि तो म्हणायचा, "होतंय गं."

मेच्या मध्यावर मी तिसऱ्यांदा मुलुंडला गेले. काका कागद काढायला उठले, तेव्हा काकूंनी त्यांना बसायला सांगितलं.

"तू थांब जरा," त्या मला म्हणाल्या. "तुला एक विचारते. राग मानू नको. तू हे घर घ्यावंस असं तुझ्या भावाला वाटतं का?"

"म्हणजे काय? तोच तर जामीन राहतोय."

"राहतोय कुठे? सहा महिने झाले. सही करायला किती वेळ लागतो?"

"कंपनीत दाखला मिळत नाही त्याला..."

"तू गेलीस कधी त्याच्या कंपनीत?"

मी काकांकडे बघितलं.

"अगं, तुझा पगार त्या घरात जातो. तू गेलीस की तो जाणार. मी बाहेरची बाई, मला हे दिसतं, तुला दिसत नाही?"

मला फार राग आला. मी म्हटलं, आमच्या घरात तसं नाही. तुम्हाला भाऊबहीण नाहीत का? असं बरंच बोलले. काका मध्ये पडले, "अहो, जाऊ द्या, जाऊ द्या." काकूंना बोलता बोलता धाप लागली होती. त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "दहा दिवस. त्यापुढे एक दिवस नाही. यांना लिहून देऊ दे, पण हे शेवटचं." काकांनी तिसरं पत्र लिहिलं. त्यात कारण लिहिलंच नाही.

तीन दिवस मी काकूंवर चिडून काढले. चौथ्या दिवशी अर्धी रजा टाकून भांडुपला गेले. दादाला सांगितलं नाही. आता आठवलं की वाटतं, सांगितलं नाही याचा अर्थ काकूंचं म्हणणं मला मुलुंडलाच पटलं होतं.

कंपनीच्या फाटकावर वॉचमनने नाव लिहून घेतलं. आत टाइम ऑफिसच्या खिडकीत एक चष्मेवाला कारकून होता. दादाची बहीण म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली. मी म्हटलं, भावाच्या पगाराच्या दाखल्याचं काम कुठं अडलंय ते बघायला आले.

"कसला दाखला?"

"घराच्या कर्जाला जामीन राहायचंय, त्यासाठी. नोव्हेंबरपासून मागतोय तो."

त्याने एक वही उघडली, पानं उलटली. "नाही बुवा, तसा अर्जच नाही. एप्रिलमध्ये एक दाखला दिलाय त्यांना. फ्रीजसाठी. तो तर दुसऱ्याच दिवशी दिला होता." मग माझ्याकडे बघून थोडा ओशाळला. "तुम्ही आजच अर्ज द्यायला सांगा ना. उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल. त्याला काय आहे?"

मी त्याचे आभार मानले. फाटकाबाहेर एक रसवंती होती, तिथल्या बाकावर बसले. रस मागवला नाही. रसवाल्याने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. मी रडले वगैरे नाही. माझ्या डोक्यात फ्रीजला लावलेलं हळदकुंकू होतं, आणि माझी मलाच लाज वाटत होती.

दादा सहाला घरी आला. मुलं बाहेर खेळत होती. वहिनी चपात्या लाटत होती, आई तांदूळ निवडत होती.

मी म्हटलं, "मी आज तुझ्या कंपनीत गेले होते."

त्याने बूट काढायचे थांबवले. मग पुन्हा काढायला लागला. "कशाला?"

"तू अर्जच दिलेला नाहीस."

"मी नाही म्हटलं का कधी तुला? सांग. एकदा तरी नाही म्हटलं?"

"म्हटलं असतंस तर बरं झालं असतं."

"अगं, तू गेलीस तर काय उरतं इथं? माझ्या एकट्याच्या पगारात सहा माणसं..."

"पाच," मी म्हटलं. "मी गेले की पाच."

तो ओरडला मग. बाईमाणूस एकटी राहणार, उद्या काही झालं तर मीच धावायचं, लोक मलाच विचारणार, बहिणीला घराबाहेर काढलं का म्हणून. कर्ज फिटलं नाही तर जामीन मी, जप्ती माझ्या पगारावर. हे सगळं त्याला नोव्हेंबरात सुचलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. त्यातलं एखादं खरंही होतं. मी त्याला एवढंच विचारलं, की त्या म्हाताऱ्या माणसांना मी तीन वेळा जाऊन काय सांगितलं, ते तुला माहीत आहे का. तो म्हणाला, "त्यांचं मला काय सांगतेस? ते काय आपले कोण लागतात?"

वहिनीने मान वर केली नाही. चपाती तव्यावर करपली, तरी तिने उलटली नाही. मी आईकडे बघितलं. ती तांदळातले खडे बाजूला काढत होती. "भांडा नुको," ती म्हणाली. "भावाबहिणीन असा भांडूचा नाय." तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने संध्याकाळी नवऱ्याला बोलावून घेतलं. तो टेलिफोन खात्यात होता. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसून त्याने सही केली, दाखला दोन दिवसांत आणतो म्हणाला, आणि आणला. "एवढंच होतं?" त्याने विचारलं. "मग आधी का नाही सांगितलं, वहिनी?" मला तो वहिनी का म्हणायचा कोण जाणे. त्या एका शब्दावर मला त्या हॉटेलात रडू आलं.

फाइल पुढे गेली. पण सहीचे साहेब दौऱ्यावर होते. आस्थापना शाखेतला कारकून मला ओळखत होता. त्याने हात जोडले, "बाई, फाइल टेबलावर आहे, साहेब नाहीत. मी काय करू?"

दहाव्या दिवशी मी मुलुंडला गेले. सगळं खरं सांगितलं. कंपनीत गेले ते, वहीत अर्ज नव्हता ते, नवा जामीन मिळाला ते. काका खाली बघून ऐकत होते. मी म्हटलं, "काकू, तुमचं बरोबर होतं. फक्त चार दिवस द्या. साहेब आले की सही होते."

काकू म्हणाल्या, "चार दिवस म्हणजे किती, ते मला आता कळत नाही, बाळ."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. सगळी रक्कम एकदम देणारं. काकूंनी त्याला शब्द दिला होता, मुलुंडचीच मुलगी आहे, तिची मुदत आज संपतेय, ती आली नाही तर घर तुमचं. मी आले होते, पण रिकाम्या हाताने. मी घाटकोपरची, तरी त्यांनी मला मुलुंडचीच म्हटलं होतं, हे मला फार लागलं.

काकांनी इसाराची रक्कम पाकिटात तयार ठेवली होती. कराराप्रमाणे त्यातला काही भाग ते कापू शकत होते. मीच टाइप केलं होतं ते कलम. त्यांनी पूर्ण दिली. मी म्हटलं, असं करू नका, तर काकू म्हणाल्या, "घे. तुला लागेल." मग आम्ही करारावर रद्द असं लिहून सह्या केल्या.

मंजुरीचं पत्र पाच दिवसांनी आलं. माझ्याच शेजारच्या टेबलावर ते टाइप झालं. टाइप करणाऱ्या मैत्रिणीने मला दाखवलं नाही, पण इतक्या वर्षांच्या सवयीने मला टाइपरायटरच्या आवाजावरूनच मजकूर कळला.

घरी दादा म्हणाला, "जाऊ दे, नशिबात नव्हतं. दुसरं बघू आपण." आपण म्हणाला.

गणपतीनंतर ऑफिसच्या पत्त्यावर काकांचं पोस्टकार्ड आलं. घराचं जोतं झालं होतं, भिंती उभ्या राहायच्या आत पाऊस लागला. काकूंच्या भावाकडे पडवीत राहत होते. ओल असल्यामुळे काकूंचा दमा वाढला होता. दसऱ्यानंतर काम पुन्हा धरू, असं लिहिलं होतं. तक्रारीचा एक शब्द नव्हता. शेवटी, आपले घराचे काम झाले का, कळवावे. मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहायचं होतं? माझ्या भावाने मला लांबवलं आणि मी तुम्हाला. त्याने मला निदान घरात तरी ठेवलं होतं. मी त्यांना पावसात पडवीत नेऊन बसवलं. ते कार्ड बरेच दिवस माझ्या खणात होतं. पुढे कचेरीची जागा बदलली, त्यात कुठं गेलं कळलं नाही. दुसरं आलं नाही.

दोन वर्षांनी मी अंबरनाथला एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. तोवर मुलुंड माझ्या आवाक्याबाहेर गेलं होतं. त्या वेळी घरात कुणालाच आधी सांगितलं नाही, चावी हातात आल्यावर सांगितलं. वास्तुशांतीला दादा आला, वहिनी आली. मैत्रिणीचा नवरा पंगतीत वाढत होता. दादा माझ्या शेजाऱ्यांना सांगत होता, "एकटी बाई म्हणजे कर्जाला जामीन वगैरे सगळं आपल्यालाच बघावं लागतं ना." मैत्रिणीच्या नवऱ्याने ऐकलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि जिलबी वाढत पुढे गेला. मी काही बोलले नाही. ते मोठेपण नव्हतं, शेजाऱ्यांसमोर पहिल्याच दिवशी तमाशा नको होता.

वर्षभरात आई माझ्याकडे राहायला आली. तिचे गुडघे गेले होते आणि वहिनीशी तिचं पटेनासं झालं होतं. दादाने तिला आणून सोडलं, आठवड्याने येतो म्हणाला, आणि महिन्याने आला. आईला छातीचाही त्रास सुरू झाला. चांगला डॉक्टर गाठायचा तर लांब जावं लागे. एका रविवारी दुपारी तिचे पाय चेपत बसले होते. ती छताकडे बघून म्हणाली, "तेव्हा मुलुंडाक घेतला असतंस तर बरा झाला असता. डॉक्टर तरी जवळ होतो."

माझे हात थांबले. इतक्या वर्षांत हे मी तिला विचारलं नव्हतं. म्हटलं, "आई, दादानं अर्ज दिला नव्हता, हे तुला माहीत होतं?"

"होता की."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने दुसरा पाय माझ्याकडे सरकवला. मग सहज, एखादी भाजी कशी केली ते सांगावं तशी म्हणाली, "तो नायच म्हणणार होतो पयल्या दिवशी. मीच तेका सांगलंय, नाय म्हणा नको. नाय म्हटलंस तर ती दुसरो बघतली. वाईच लांबव, घर आपोआप ऱ्हवतला." आणि माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "तू गेल्यार आमचा कसा होतला, गो? माका तुझी सवय होती."

इतकी वर्षं मी दादाला मनातल्या मनात शिव्या देत आले होते. त्या शिव्यांचं आता काय करायचं, ते कळेना. सहा महिने मी त्याच्याकडे तोंड करून विचारत होते, आणि उत्तर देणारी पाठीमागे बसून तांदूळ निवडत होती. तिला त्यात काही गैर केल्यासारखं तेव्हाही वाटलं नव्हतं, आताही वाटत नव्हतं. म्हणून तर तिने सांगितलं.

"चेप गो," ती म्हणाली. "मध्येच कित्या थांबलंस?"

त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. तिला ते कळलंही नाही, किंवा कळून तिने दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी अर्धी रजा टाकली आणि रिक्षा बघायला खाली उतरले.